पायाच्या सापाची घागर

कमलीबाई राठोडांना एक प्रश्न विचारायचा नसतो. तांड्यातल्या लहान पोरांनाही हे ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हतं.

मानोऱ्याहून सात-आठ किलोमीटर आत, सागाच्या विरळ जंगलाला पाठ लावून त्यांचा तांडा आहे. एम. ए.च्या प्रकल्पासाठी तीजेची गाणी टिपून घ्यायला मी तिथे जाऊ लागले, आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या घरात, धान्याच्या कोठीशेजारी, ती घागर पाहिली. घागर म्हणायचं ते तांड्याची सवय म्हणून. आकाराने ती सुरईच्या जवळची, हातभर उंच, गळ्याशी निमुळती, चिनी मातीची. रंग मुगाच्या कोवळ्या शेंगेवर दुधाचा हात फिरवावा तसा. अंगावर कोरलेला एक प्राणी तिला वेटाळून वर चढत होता. सापासारखा लांब, पण त्याला पाय, पायांना नख्या आणि तोंडाला मिशा. कोरलेल्या खाचांत रंग साठून गडद झाला होता, त्यामुळे तो पाण्याखालून पोहत असल्यासारखा दिसे. तांड्यातली पोरं त्याला पायाचा साप म्हणतात.

"हे तुमच्याकडे कसं आलं?" मी विचारलं.

कमलीबाईंनी ओढणी कपाळावर ओढली, माझ्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि उरलेला चहा दारात नेऊन ओतला.

"काहून? आमच्याकडे येऊ नये?"

"तसं नाही, म्हणजे कुठून..."

"तुह्या घरी कपाट हाये ना? मी इचारलं का कुठून आणलं?"

कोपऱ्यात त्यांची नात रंजिता बारावीचं पुस्तक तोंडासमोर धरून हसत होती. मला रस्त्यापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "याडीले हे नसते इचारत, ताई." याडी म्हणजे आई. पण कमलीबाईंना नातीपासून तांड्याच्या नायकापर्यंत सगळे याडीच म्हणतात.

हा राग किती जुना आहे ते मला पुढे कळलं. कमलीबाई लग्न होऊन या तांड्यात आल्या तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी पाच कोसांवरच्या एका गावात कुणाच्या तरी घरातून चांदीचं कडं गेलं. शिपाई आधी तांड्यात आले. 'आधी' हा शब्द कमलीबाई दाताखाली खडा यावा तसा उच्चारतात. तेव्हा कुठेही काही हरवलं की शिपाई आधी तांड्यात येत, चोर शोधायला नंतर जात. घराघरातली भांडी अंगणात उपडी झाली आणि प्रत्येक भांड्याला तोच प्रश्न विचारला गेला, हे तुमच्याकडे कसं आलं? कमलीबाईंच्या सासूने ही घागर ज्वारीच्या कुटारात, म्हणजे भुशाच्या ढिगात, खोल पुरली, त्या कुटारावर बैठक मारली आणि तान्ह्या पोराला पाजायला घेतलं. शिपाई तिथवर आला आणि पाजणारी बाई पाहून मागे फिरला. कमलीबाईंच्या दिराला मात्र नेलं. चार दिवसांनी तो परत आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. ते कडं पुढे त्या मालकाच्याच जावयाकडे सापडलं.

"मंग कोनी आलं का सांगायले, का बाप्पा, चुकलं आमचं?" कमलीबाई मला विचारत. दर वेळी विचारत. जणू मी त्या शिपायांकडूनच आले होते आणि निरोप द्यायचा विसरले होते.

त्यांनी बावीस हंगाम ऊस तोडला. दिवाळी झाली की टोळी निघायची. निघण्याआधी त्या घागर कुटारात पुरत, आणि सहा महिन्यांनी परतल्यावर चूल पेटवण्याआधी कुटार उपसत. या बावीस वर्षांत कोयत्याने त्यांच्या डाव्या अंगठ्याचं पेर गेलं. नवरा फुलचंद एका हंगामात फडातच तापाने गेला. मुलगा बादल आता सुनेला घेऊन त्याच वाटेने जातो.

"आमी सारे झिजलो," कमलीबाई घागरीकडे पाहून म्हणत. "हिले काई होत नाही. रांडेची अजून नवरीच हाये."

घागर आली कशी, याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. फक्त ते मागून घ्यायचं नव्हतं, मिळेपर्यंत थांबायचं होतं. माझ्या चौथ्या खेपेला त्यांनी ते आपणहून सांगितलं. पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दूरदूर जायचे, पार समुद्रापर्यंत. तिकडून एका खेपेत, मिठाच्या दोन गोण्यांच्या मध्ये, घोंगडीत गुंडाळून ती आली. बस, इतकंच. ज्यांच्या बैलांवर बाजार चालत होते त्यांच्या घरात लांबच्या देशाचं एक भांडं असावं, यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

श्रावणात तीज येते. तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी टोपल्यांत माती आणि लेंडीखत भरून गहू पेरतात, आणि नऊ दिवस गाणी म्हणत त्याला पाणी घालतात. हे सगळ्याच तांड्यांत असतं. या तांड्यात एक रीत जास्तीची आहे. पहिलं पाणी या घागरीतलं घालायचं. त्याआधी घागर भरून उन्हात ठेवायची आणि प्रत्येक पोरीने एक डोळा मिटून, दुसरा घागरीच्या तोंडाला लावून आत पाहायचं. काय दिसलं ते सांगायचं नाही. लग्न झालं की पुन्हा कधी पाहायचं नाही. पुरुषांनी तर नाहीच. कमलीबाई लग्न होऊनच इथे आल्या. पन्नासहून अधिक वर्षं त्यांनी ती घागर पुरली, उपसली, धुतली, आणि आत एकदाही पाहिलं नाही.

"मन नाही झालं कधी?" मी विचारलं होतं.

"मन लई गोष्टींचं होते," त्या म्हणाल्या.

रंजिताने हट्ट केला म्हणून त्यांनी मला घागरीचा एक फोटो काढू दिला. तो मी माझ्या लेखासोबत कॉलेजच्या वार्षिक अंकात छापला. पुढे जे झालं ते त्या फोटोमुळे झालं. कमलीबाईंनी हे मला तोंडावर सांगितलं आहे.

अंक कुणाच्या तरी हातून वाशीमजवळच्या मालेगावच्या नानाजींपर्यंत गेला. नानाजी मोठे शेतकरी. जुन्या वस्तू जमवायचा त्यांना नाद होता आणि वाशीमला एक हॉल घेऊन त्यांनी 'वारसा दालन' उघडायचं ठरवलं होतं. आषाढात ते पुतण्या हरीओमसोबत गाडीने तांड्यात आले. कमलीबाई त्यांना ओळखत होत्या. उसाला जायच्या आधीची कितीतरी वर्षं त्यांनी नानाजींच्या वावरात सोयाबीन सोंगलं होतं.

"कमलीबाई, तुह्या हातचं वावर अजून आठवते मले. एक शेंग मागे राहत नव्हती," नानाजी बाजेवर बसत म्हणाले. "पंधरा दिवस दे ही फुलदाणी. लोकं पाह्यतील, तांड्याचं नाव होईल. मंग हा हरीओम घरपोच आणून देईल."

नायक गोविंदसिंग शेजारी उभे होते. पन्नाशीचा मवाळ माणूस. मोठी गाडी तांड्यात आली की त्यांना उगीच अवघडल्यासारखं होतं. "द्या याडी," ते म्हणाले. "दारी आलेल्या माणसाले नाही कसं म्हणाव?"

"कागदावर लिहून घे," रंजिता आजीच्या कानाशी लागली.

"नायकासमोर बोलला ना तो? मंग कागद कायले?"

नायकासमोर दिलेला शब्द तांड्यात मोडत नाहीत. त्यावर कागद मागणं म्हणजे नायकाची बेइज्जती. कमलीबाईंनी कागद मागितला नाही. उलट कोठीतून गहू काढून घागर गळ्यापर्यंत भरली, कारण भांडं रिकामं द्यायचं नसतं आणि रिकामं घ्यायचंही नसतं. हरीओमला ती उचलताना जड झाली. तो हसला. "मावशी, गव्हाचं काय काम होतं?" कमलीबाईंना तेव्हाच कळायला हवं होतं, असं त्या आता म्हणतात. भरलेल्या भांड्याला हसणारा माणूस.

पंधरा दिवस गेले, वीस गेले. तीज आठ दिवसांवर आली. रंजिताने हरीओमला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मी त्या दिवशी तिथेच होते.

"काय आहे, घरात चर्चा झाली," हरीओमचा आवाज आला. "आजोबांच्या काळात आमच्या घरी अशीच फुलदाणी होती म्हणे. चोरीले गेली होती. आता मावशी, तुमीच सांगा. तांड्यात असं भांडं येईल कसं?"

कमलीबाईंनी ओढणी पुढे ओढली. फोन बंद झाला. मग गोविंदसिंगांना निरोप गेला: उद्या पहिल्या गाडीने वाशीम.

रंजिता, गोविंदसिंग, मी आणि कमलीबाई. मंगरूळपीरला गाडी थांबली तेव्हा गोविंदसिंग चहा घेऊन आले. "याडी, जरा सबुरीनं घ्याव. मोठी माणसं हायेत."

"तुह्या सबुरीनंच गेली माही घागर."

गोविंदसिंग दोन्ही कप घेऊन खाली उतरले आणि दोन्ही चहा स्वतःच प्याले.

दालनात पंधरा-वीस माणसं होती. नानाजींनी नागपूरहून एक जाणकार बाई बोलावल्या होत्या, वस्तूंची यादी करायला. त्या सकाळीच पोहोचल्या होत्या आणि अजून कपाटं उघडायची होती. घागर मधोमध काचेत होती. खाली कार्ड होतं. रंजिताने ते मोठ्याने वाचलं.

"'चिनी सेलाडॉन (हिरवट झिलईची) फुलदाणी. कोरीव ड्रॅगन. नानाजींच्या घराण्याचा वंशपरंपरागत ठेवा.'"

"ड्रॅगन म्हंजे?"

"पायाचा साप, याडी."

कमलीबाईंनी काचेवर तळहात ठेवला. पहारेकरी धावत आला. "ओ बाई, हात नाही लावायचा."

"मले सांगून राह्यला तू?"

आवाज ऐकून नानाजी आले. हसून आले. कमलीबाईंनी नमस्कार केला नाही.

"गहू कुठी हायेत माहे?"

नानाजींना आधी कळलंच नाही. हरीओम मागून म्हणाला, "ते होय? ते कोंबड्यांना टाकले."

"कमलीबाई, आवाज कमी कर," नानाजी म्हणाले. "लोकं आहेत. ही वस्तू आमच्या घरातून गेलेली आहे. मी काही पोलिसात गेलो नाही, तुह्यावर आळ घेतला नाही. उलट आहे तसं राहू दे म्हणतो. अजून काय पाह्यजे?"

"आळ घेतला नाही?" कमलीबाई म्हणाल्या. "मंग हे काय घेतलं?"

जाणकार बाई मध्ये पडल्या. त्यांचा सूर मऊ होता. अशा वस्तू पूर्वी नवाबांकडे, सरदारांकडे असत, असं त्या म्हणाल्या. "रागावू नका आजी. पण प्रश्न पडतोच ना. ही तुमच्याकडे कशी आली असेल?"

मी खाली पाहिलं. हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, मीही विचारला होता. माझाही सूर मऊच होता.

कमलीबाई त्या बाईंवर ओरडल्या नाहीत. त्या नानाजींकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तुमच्या घरची हाये ना? आजोबाची? मंग सांगा. आत काय हाये?"

"आत काय असणार?" नानाजी हसले. "हवा."

दोघं-तिघं हसले. हरीओम जास्तच हसला.

"मले माहीत नाही आत काय हाये," कमलीबाई म्हणाल्या. "आमच्या रीतीनं मले माहीत नसाव. हिले माहीत हाये." त्यांनी रंजिताच्या पाठीवर हात ठेवला. "सांग."

रंजिता मागे सरकली. "याडी, नको."

"सांग म्हनते ना."

"सांगायचं नसते, याडी. तूच म्हनतं."

"मीच म्हनलं. आता मीच म्हनून राह्यली. सांग."

त्या क्षणी मला त्यांच्या रागाची किंमत दिसली. घागर आपली आहे हे सिद्ध करायला त्यांच्याकडे एकच गोष्ट होती, आणि नेमकी तीच गोष्ट कुणाला द्यायची नव्हती. नानाजींना काहीच द्यावं लागत नव्हतं. त्यांनी नुसतं म्हणायचं होतं.

रंजिता जमिनीकडे पाहत बोलली. बुडाला जुनी चीर आहे. ती आतून लाखेने बुजवलेली आहे. लाखेत रुपयाएवढा गोल आरसा बसवलेला आहे, घागऱ्यावर लावतात तसा. आरशाच्या बाजूला एक कवडी आहे, अर्धी बुडालेली.

जाणकार बाईंनी कपाटाची किल्ली मागितली. हरीओम म्हणाला, "कायले उगीच?" पण लोक पुढे सरकले होते, आणि नानाजींना लोकांसमोर नाही म्हणता येईना. बाईंनी घागर टेबलावर उतरवली, मोबाईलचा दिवा लावून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आरसा आहे," त्या म्हणाल्या. "आणि कवडी."

मग नानाजींनी पाहिलं. मग हरीओमने दिवा आत धरून, मान वाकडी करून पाहिलं. मग कुणी मास्तर होते त्यांनी, मग पहारेकऱ्याने. कुणीतरी आत फोन धरून फोटो काढला. रंजिता रडत होती, ओठ घट्ट मिटून. गोविंदसिंग दारापाशी जाऊन उभे राहिले होते, बाहेर तोंड करून. आणि कमलीबाई घागरीकडे पाठ फिरवून भिंतीला सामोऱ्या उभ्या होत्या. एवढ्या पुरुषांनी पाहिलं, त्यांनी तेव्हाही पाहिलं नाही.

"ठीक आहे," नानाजी शेवटी म्हणाले. "गैरसमज झाला. कार्ड बदलू. कमलीबाई, तुहंच नाव टाकतो मोठ्या अक्षरात. इथे काचेत सुरक्षित राहील. घरी फुटून-बिटून गेली तर?"

"माह्या घरी ती पोलिसाच्या काठीनं नाही फुटली," कमलीबाई भिंतीशी बोलल्या. "नाव नोको. घागर द्या."

"बरं, ने मग."

"रिकामी नाही नेत."

"आँ?"

"भरून देल्ली होती. भरून द्या."

हरीओम पुन्हा हसायला लागला. या वेळी कुणी त्याला साथ दिली नाही. नानाजींनी जाणकार बाईंकडे पाहिलं. त्या आपल्या वहीतलं काहीतरी खोडत होत्या. कमलीबाई हॉलच्या त्या गुळगुळीत फरशीवर मांडी घालून बसल्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला त्यांना वळसा घालून जावं लागू लागलं. पाऊण तास. शेवटी हरीओम बाहेर गेला आणि बाजारातून गव्हाची पिशवी घेऊन आला. त्याला ती घागरीत ओतता येईना, तोंड अरुंद, गहू टेबलावर सांडत होता.

"खालचे बी येच," कमलीबाई म्हणाल्या. "अन्न हाये."

त्याने टेबलाखाली वाकून दाणे वेचले. चुकलं आमचं, असं मात्र कुणी म्हणालं नाही.

परतीच्या गाडीत घागर त्यांच्या मांडीवर होती. कंडक्टर म्हणाला, "आजी, हिचं तिकीट?" एरवी त्या त्याला काहीतरी चोख ऐकवत्या. त्यांनी नुसतं पाहिलं आणि तो पुढे गेला.

घरी पोहोचल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे नानाजींचा गहू दारात नेऊन कोंबड्यांना ओतला. शेवटचा दाणा पडेपर्यंत घागर उलटी धरली होती. मग ती राखेने घासली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घासली. तिसऱ्या दिवशीही. गळ्यातून हात आत जात नव्हता, म्हणून आत वाळू आणि पाणी घालून त्या ती हलवत राहिल्या. आतून घरघर आवाज येई.

"निघत नाही," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

तीजेच्या पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा अंगणात अकरा टोपल्या होत्या आणि अकरा पोरी होत्या. घागर भरून उन्हात ठेवली होती. कुणी पुढे होत नव्हतं. सगळ्यात मोठी रंजिता, पहिला मान तिचा. ती हाताची घडी घालून उभी होती.

"मी नाही पाहत."

"काहून?"

"त्या हरीओमनं पाह्यलं त्यात. पहारेकऱ्यानं पाह्यलं. फोनात घेऊन गेले ते. आता काय राह्यलं त्यात पाहाले?"

मला वाटलं कमलीबाई आता नातीवर फुटतील. त्यांनी ओढणी पुढे ओढलीही. पण बोलल्या तेव्हा आवाज खाली होता, आणि तो राग रंजितावरचा नव्हता.

"त्यायनं काय पाह्यलं? दिवा घालून पाह्यलं. कोरडं पाह्यलं. लाख पाह्यली, काच पाह्यली. पाणी भरून पाह्यलं का? उन्हात पाह्यलं का? गाणं म्हनून पाह्यलं का?"

रंजिताने हाताची घडी सोडली नाही.

"माह्या सासूनं छाती उघडी टाकली याच्यासाठी. मी तुह्याकून शपथ मोडून घेतली. आता तू नाही पाह्यलं, तं ती त्याच्याच घरी राह्यली, असं होईल. सांग. ठेवू त्याच्या घरी?"

"नाही."

"मंग?"

कमलीबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "अन तू. तिकडे तोंड कर. तुह्यावाला फोन जमिनीवर ठेव."

मी फोन मातीत पालथा ठेवला आणि कुटाराच्या ढिगाकडे तोंड केलं. माझ्या शेजारी, तशाच पाठमोऱ्या, कमलीबाई येऊन उभ्या राहिल्या. पोरींनी गाणं सुरू केलं. कमलीबाईंच्या दोन्ही हातांच्या मुठी वळलेल्या होत्या, पेर नसलेला अंगठा आत दाबलेला.

गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला मागून रंजिताचा आवाज तुटला. पाणी हललं. बराच वेळ नुसत्या बाकीच्या पोरी गात होत्या. मग तिचा आवाज पुन्हा गाण्यात मिसळला आणि पहिल्या टोपलीच्या मातीवर पाणी पडल्याचं ऐकू आलं.

"पाह्यलं तिनं?" कमलीबाईंनी मला विचारलं. त्या वळल्या नाहीत. मुठीही सुटल्या नव्हत्या.

"मला कसं दिसणार?" मी म्हणाले. "माझी पाठ आहे."

"हां," त्या म्हणाल्या. "राहू दे तशीच."